लहान शाळेचा चीअरलीडिंग संघ स्पर्धेत उतरवताना

अमेरिकेतील ज्या हायस्कूलमध्ये नववी ते बारावीच्या चारही वर्गांत मिळून दोन-तीनशेच मुले असतात, तिथल्या चीअरलीडिंग संघात बहुधा आठ-दहा मुली असतात, एखादी शिक्षिका शाळा सुटल्यावर प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळत असते आणि उरलेली कामे पालकांवर येऊन पडतात. या पालकांत मराठी आई-वडील असतील, तर २००८ पासून आयपीएलच्या सीमारेषेवर जे नृत्य दिसले तेच चीअरलीडिंग, अशी त्यांची सुरुवातीची समजूत असते. शालेय स्पर्धेतले चीअरलीडिंग याहून पुष्कळ वेगळे आहे. त्यात घोषणा देऊन प्रेक्षकांना बोलते करणे, एका मुलीला इतरांनी हातांवर उचलून धरणे (स्टंट), कोलांट्या (टम्बलिंग), उड्या आणि समूहनृत्य हे सारे अडीच-तीन मिनिटांच्या सादरीकरणात, म्हणजे रुटीनमध्ये, बसवायचे असते आणि प्रत्येक भागाला वेगळे गुण असतात. पुढील मार्गदर्शन संघाला पहिल्यांदाच स्पर्धेत उतरवू पाहणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आणि त्यांच्या मदतीला उभ्या राहणाऱ्या पालकांसाठी आहे. त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: लहान संघाने मोठ्या संघासारखे दिसण्याचा आटापिटा करू नये, आपल्या संख्येला आणि कौशल्याला साजेसा गट शोधावा आणि जे निर्दोष जमते तेवढेच मॅटवर न्यावे.

आधी शाळेची मान्यता

शाळेच्या नावाने उतरणाऱ्या संघाची नोंदणी शाळेनेच करावी लागते. पालकांनी परस्पर अर्ज भरून किंवा पैसे भरून ती होत नाही. म्हणून पहिली भेट शाळेच्या क्रीडा संचालकांची घ्यावी आणि त्यांना एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा: आपल्या शाळेत चीअरलीडिंग हा क्रीडा विभागाचा भाग आहे की इतर उपक्रमांचा? हा प्रश्न वरवर कागदोपत्री वाटतो, परंतु सरावासाठी व्यायामशाळा कोणत्या वेळी मिळेल, बसचा खर्च कोण करील, शाळेचा अॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापतींकडे पाहणारा तज्ज्ञ) सरावाला उपलब्ध असेल की नाही आणि खेळाडूंच्या पात्रतेचे कोणते नियम लागू होतील, हे सारे त्याच्या उत्तरावर ठरते. चीअरलीडिंगला खेळ म्हणावे की नाही याबद्दल अमेरिकेतच एकवाक्यता नाही. कनेक्टिकटमधील क्विनिपियाक विद्यापीठाच्या खटल्यात २०१० साली फेडरल न्यायालयाने, त्या वेळच्या स्वरूपातील स्पर्धात्मक चीअरलीडिंग शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या ‘टायटल नाइन’ या कायद्याच्या हिशेबात खेळ म्हणून मोजता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने नेमकी उलट शिफारस केली: चीअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्यावा, म्हणजे या मुलींना इतर खेळाडूंप्रमाणे वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षित प्रशिक्षक आणि ट्रेनर मिळतील. आपल्या शाळेने संघाला उपक्रमांत ढकलले असेल, तर या शिफारशीचा हवाला देऊन निदान ट्रेनरची मागणी करण्यास हरकत नाही.

शालेय संघ आणि खासगी जिमचे संघ यांत गल्लत होऊ देऊ नये. ज्यांना ‘ऑल स्टार’ म्हणतात ते संघ खासगी जिमचे असतात, यूएसएएसएफ या संस्थेच्या नियमांनुसार स्प्रिंग बसवलेल्या मॅटवर स्पर्धा करतात, आणि त्यांच्या मुली शाळेच्या सामन्यांत घोषणा देण्यास बांधलेल्या नसतात. आपल्या संघातली एखादी मुलगी जिममध्येही जात असेल तर ते लाभाचेच आहे, मात्र तिच्या तिथल्या स्पर्धांच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीलाच मागून घ्याव्यात.

कोणत्या स्पर्धेत आणि कोणत्या गटात

शालेय संघासमोर साधारण दोन मार्ग असतात. पहिला मार्ग राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेच्या स्पर्धेचा. मिशिगनमध्ये स्पर्धात्मक चीअरची राज्य अंतिम फेरी १९९४ पासून होत आली आहे. तिथे तीन फेऱ्या असतात आणि शाळांचे गट विद्यार्थिसंख्येनुसार पाडलेले असतात, त्यामुळे तीनशे मुलांच्या शाळेची गाठ दोन हजार मुलांच्या शाळेशी पडत नाही. टेक्सासमध्ये यूआयएल ही संघटना २०१६ पासून फोर्ट वर्थ येथे राज्यस्तरीय स्पर्धा घेते. तिथे १ए ते ६ए अशी शाळांची वर्गवारी असून १ए मध्ये राज्यातल्या सर्वांत लहान शाळा येतात. या स्पर्धेचे स्वरूप ‘गेम डे’ प्रकारचे आहे, म्हणजे बँडच्या तालावरची घोषणा, प्रेक्षकांना सामील करून घेणारी घोषणा आणि शाळेचे फाइट साँग, म्हणजे संघाला स्फूर्ती देणारे गीत, असे तीन भाग सादर करायचे असतात.

दुसरा मार्ग खासगी संस्थांच्या स्पर्धांचा. लॉरेन्स हर्किमर यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली एनसीए आणि १९७४ मध्ये स्थापन झालेली यूसीए या त्यांतल्या दोन जुन्या संस्था असून आज त्या दोन्ही व्हर्सिटी स्पिरिट या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. यूसीएची शालेय राष्ट्रीय स्पर्धा ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये आणि एनसीएची डॅलसला होते. घरातील मुलींना अर्थातच ऑर्लँडोचे वेध लागलेले असतात. पहिल्या हंगामात मात्र त्या नावाचा उच्चारही टाळावा असे माझे मत आहे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी आधी पात्र व्हावे लागते, प्रवास आणि निवास यांचा खर्च मोठा असतो, काही राष्ट्रीय स्पर्धांत आयोजकांनी नेमून दिलेल्या हॉटेलातच राहावे लागते, आणि आठ मुलींच्या संघात हा भार वाटून घ्यायला कुटुंबेही आठच असतात. पहिल्या वर्षी तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या दोन किंवा तीन स्पर्धा पुरेशा आहेत.

गट निवडताना केवळ ‘स्मॉल व्हर्सिटी’ (व्हर्सिटी म्हणजे शाळेचा मुख्य संघ) हे नाव पाहून समाधान मानू नये. खासगी स्पर्धांत ‘स्मॉल’ हा शब्द बहुतेक वेळा मॅटवर उतरणाऱ्या मुलींच्या संख्येला लावलेला असतो, शाळेच्या आकाराला नव्हे. म्हणजे अडीच हजार मुलांच्या शाळेने निवड चाचणी घेऊन वेचलेल्या बारा मुली आणि तुमच्या शाळेत नाव दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या दहा मुली एकाच गटात येऊ शकतात. जिथे शाळेच्या विद्यार्थिसंख्येनुसारही विभागणी आहे अशी स्पर्धा शोधावी. ती नसेल तर टम्बलिंग नसलेला गट किंवा गेम डेचा गट आहे का, हे पाहावे. कोलांट्या येणाऱ्या मुली लहान शाळेत मोजक्याच असतात, आणि त्या गुणांची तूट इतरत्र भरून निघणे कठीण असते. गेम डेमध्ये अवघड स्टंट व टम्बलिंग यांवर मर्यादा असतात आणि भर आवाजावर, हातांच्या नेमक्या हालचालींवर व प्रेक्षकांशी जोडून घेण्यावर असतो. शुक्रवारी रात्रीच्या फुटबॉल सामन्यात संघ जे करतो त्याच्याच जवळचे हे रूप असल्यामुळे नवख्या संघाने पहिले पाऊल इथे टाकावे, असे मी सुचवीन.

नोंदणीपूर्वी आयोजकांना फोन करून आपल्या गटात आतापर्यंत किती संघ आले आहेत, हेही विचारावे. गटात आपण एकटेच असलो तर चषक मिळतो, पण त्यातून काही कळत नाही. अशा वेळी स्थानापेक्षा गुणांकडे पाहावे, किंवा क्रमवारीविना केवळ सादरीकरण करून परीक्षकांचे शेरे घेण्याची सोय असल्यास ती निवडावी.

संख्येचा हिशेब

लहान संघाचे सारे नियोजन एका गणितावर उभे असते. एका स्टंटला साधारण चार जणी लागतात: खालून उचलणाऱ्या दोन बेस, मागे उभी राहून घोटे धरणारी व पडल्यास डोके-मान वाचवणारी बॅक स्पॉट, आणि वर चढणारी फ्लायर. नवख्या गटाला पुढून आधार देणारी पाचवी मुलगी असल्यास फारच बरे. आता आठ मुलींचे दोन पूर्ण गट होतात आणि कोणीही शिल्लक राहत नाही. ऐकायला हे सोयीचे वाटते, प्रत्यक्षात ही सर्वांत धोक्याची संख्या आहे, कारण एकीला ताप आला की एक संपूर्ण गट बसतो आणि अर्धे रुटीन कोसळते. नऊ किंवा दहा मुली असतील तर उरलेल्या एक-दोघींना प्रत्येक गटातले निदान एक स्थान शिकवून ठेवावे आणि एरवी त्यांना पुढे उभे करून कोलांटी, उडी किंवा फलक द्यावा. सहा-सात मुलींच्या संघाने दोन गट पाडण्याचा विचारही करू नये. एकच गट मध्यभागी भक्कम उभा करावा आणि बाकीच्यांची रचना त्याच्याभोवती करावी.

याच कारणासाठी बेस आणि बॅक स्पॉट यांना दोन्ही बाजूंचे काम आले पाहिजे. मुख्य बेस आजारी पडली तर बाजूची बेस तिच्या जागी जाईल आणि तिची जागा राखीव मुलगी घेईल, अशी साखळी कागदावर लिहून ठेवावी आणि दर आठवड्याला एकदा मुद्दाम अदलाबदल करून सराव घ्यावा. फ्लायरसुद्धा एकच असू नये. उंचीने लहान व वजनाने हलकी मुलगी वर चढवायची, हा निकष अपुरा आहे. वर गेल्यावर जी शरीर ताठ ठेवते आणि तोल गेल्यावर खाली बघत नाही, ती मुलगी फ्लायर म्हणून अधिक भरवशाची ठरते.

गुणपद्धती वाचताना संख्येचा आणखी एक पेच लक्षात घ्यावा. काही गुणतक्त्यांत मॅटवर एकूण किती मुली आहेत त्यावरून, तोच स्टंट एकाच वेळी किती गटांनी केला तर पूर्ण गुण मिळतील, हे ठरलेले असते. त्यामुळे केवळ संघ भरगच्च दिसावा म्हणून अकराव्या-बाराव्या मुलीला आयत्या वेळी घेतल्यास आणखी एका गटाची अपेक्षा निर्माण होऊन गुण घटण्याचा संभव असतो. एखाद्या मुलीला वगळण्यासाठी हे कारण वापरू नये, परंतु तिला घ्यायचे तर तक्ता वाचून, तिच्यासाठी जागा आखूनच घ्यावे.

आणि इथे मराठी पालकांना एक विनंती. स्पर्धांचा हंगाम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि नेमक्या त्याच काळात, नाताळच्या सुटीला जोडून, भारतातली लग्ने व नातेवाइकांच्या भेटी ठरतात. वीस जणींच्या संघात एक मुलगी तीन आठवडे नसली तर निभावून नेता येते. आठ जणींच्या संघात तिच्यासोबत आणखी तिघी बसून राहतात. तिकिटे काढण्यापूर्वी प्रशिक्षकांकडून तारखा घ्याव्यात, आणि शनिवार-रविवारच्या स्पर्धा मराठी शाळेच्या किंवा नृत्यवर्गाच्या वेळेशी भिडणार असतील तर तिथल्या शिक्षकांनाही आधी कळवावे.

नियम आणि सुरक्षितता

बहुतेक राज्यांतील शाळा एनएफएचएस या राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाचे ‘स्पिरिट’, म्हणजे चीअरलीडिंगचे, नियमपुस्तक पाळतात. प्रशिक्षकाने चालू वर्षाची प्रत स्वतः वाचावी, जुन्या प्रतीवर किंवा इंटरनेटवर पाहिलेल्या चित्रफितीवर विसंबू नये, कारण त्या चित्रफिती बहुधा ऑल स्टार किंवा महाविद्यालयीन संघांच्या असतात आणि तिथे चालणारे अनेक प्रकार शाळेत निषिद्ध आहेत. दहीहंडीचे सात-आठ थर पाहत मोठे झालेल्या माणसाला शालेय मनोरा ठेंगणा वाटेल, कारण तो दोन व्यक्तींच्या उंचीपलीकडे नेता येत नाही. फ्लायरला हवेत फेकून झेलण्याचा बास्केट टॉस बास्केटबॉलच्या लाकडी मैदानासारख्या कठीण पृष्ठभागावर करता येत नाही, त्याला मॅट किंवा गवत लागते. हात डोक्यावर पूर्ण ताणून उचलण्याच्या स्टंटसाठी स्पॉटरचे नियम आहेत. दागिने काढावे लागतात, केस चेहऱ्यावर येणार नाहीत असे बांधावे लागतात, नखे आखूड ठेवावी लागतात, आणि मुलगी हात खाली सोडून सरळ उभी असता गणवेशाने पोट झाकलेले असावे लागते. आपल्याकडच्या मुलींपैकी कोणी हंगामाच्या तोंडावर नाक टोचून घेणार असेल तर तो बेत मार्चनंतर ढकलावा. नवे छिद्र भरत नाही तोवर चमकी काढता येत नाही, आणि चमकीवर पट्टी चिकटवून मॅटवर जाणे नियमांत बसत नाही.

कौशल्याची चढण एकेक पायरीनेच चढावी. एखादा स्टंट आधी गुडघ्या-मांडीच्या पातळीवर, मग खांद्याच्या उंचीवर आणि तिथे सलग अनेकदा न डगमगता जमल्यावरच डोक्यावर न्यावा. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच घ्यावा, कारण इजा बहुधा उतरताना किंवा कोसळताना होते. खांद्याच्या उंचीवर खिळल्यासारखा स्थिर राहिलेला स्टंट आणि डोक्यावर नेऊन थरथरलेला स्टंट यांत परीक्षक काय निवडतील, हा प्रश्न पालक वारंवार विचारतात. अवघडपणाचे गुण दुसऱ्याला थोडे अधिक मिळतीलही, पण थरथरीमुळे सफाईच्या रकान्यातले गुण कमी होतात आणि पडल्यास वेगळी वजावट होते. लहान संघाने या व्यवहारात पडू नये.

मुलीच्या डोक्याला मार बसल्याची शंका आली की त्या दिवसाचा तिचा सहभाग तिथेच थांबतो. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये याबाबत पहिला सर्वंकष कायदा केला आणि काही वर्षांतच सर्व राज्यांत असे कायदे आले. शालेय खेळाडूला मैदानाबाहेर काढणे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत न घेणे, हा त्यांचा गाभा आहे. ‘मला बरे वाटते आहे’ हे मुलीचे म्हणणे किंवा ‘घरी नेऊन बघतो’ हे पालकांचे म्हणणे इथे चालत नाही. प्रत्येक मुलीचा वैद्यकीय तपासणीचा अर्ज, विम्याची माहिती, अॅलर्जीची नोंद आणि तातडीच्या उपचारांना पालकांची लेखी संमती अशी एक फाइल प्रशिक्षकाच्या पिशवीत सरावालाही असावी. हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारे एईडी यंत्र व्यायामशाळेच्या कोणत्या भिंतीवर आहे, हे मुलींनाही ठाऊक असावे. प्रशिक्षिकेने सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केलेला नसेल तर एनएफएचएस किंवा यूएसए चीअर (अमेरिकेतील चीअरलीडिंगची राष्ट्रीय संस्था) यांचे अभ्यासक्रम आहेत. स्टंट शिकवण्याआधी ते पूर्ण व्हावेत, असा आग्रह शाळेनेच धरला पाहिजे.

रुटीन बसवणे

संगीताचे रुटीन आठ-आठ मात्रांत मोजले जाते. मिनिटाला १४४ ठोक्यांचे संगीत घेतले तर दीड मिनिटात २१६ ठोके, म्हणजे आठ-आठ ठोक्यांची सत्तावीस आवर्तने मिळतात. कागदावर सत्तावीस ओळी आखून प्रत्येक ओळीत आठ चौकोन काढावेत आणि कोण कुठे आहे ते त्यांत लिहावे. हा तक्ता भरू लागल्यावर पहिल्या तासातच कळून चुकते की स्टंट चढवायला, स्थिर ठेवायला आणि उतरवायला तीन-चार आवर्तने जातात, जागा बदलायला एक जाते, आणि मनात रंगवलेल्या गोष्टींपैकी निम्म्याच इथे मावणार आहेत. यूसीएच्या पारंपरिक शालेय रुटीनमध्ये एकूण अडीच मिनिटांपैकी संगीताला दीड मिनिटाची मर्यादा असते आणि उरलेला वेळ घोषणेचा असतो. तुमच्या स्पर्धेची मर्यादा कोणती, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून मगच तक्ता आखावा.

घोषणेचा भाग लहान संघ हमखास हलक्यात घेतात, आणि त्यांना गुण मिळवण्याची सर्वांत चांगली संधी तिथेच असते. आठ मुलींचा आवाज वीस मुलींइतका मोठा होणार नाही, म्हणून शब्द कमी घ्यावेत: शाळेचे नाव, रंग, ‘गो’, ‘फाइट’ असे तोडून म्हणता येणारे. आवाज किंचाळून वर न चढवता पोटातून, खालच्या पट्टीत काढावा. सर्व मुलींनी शब्दाचा शेवट एकाच क्षणी तोडला तर आठ आवाजही भरदार ऐकू येतात. फलक मोठ्या अक्षरांचे आणि ठळक रंगांचे असावेत, आणि प्रेक्षकांनी नेमका कोणता शब्द कधी म्हणायचा हे त्यांवरून विनासायास कळावे. मेगाफोन व पॉम-पॉम यांचा वापरही इथेच करावा. स्टंटच्या वेळी खाली टाकलेले पॉम-पॉम पायांत येतात, तेव्हा ते कोण उचलून बाजूला ठेवणार हे तक्त्यात लिहिलेले असावे.

स्पर्धेचा मॅट सहा फूट रुंदीच्या पट्ट्या जोडून केलेला असतो. नऊ पट्ट्यांचा मॅट चोपन्न फूट रुंद भरतो. एवढ्या जागेत आठ मुली कडेपर्यंत पसरल्या की मॅट ओका दिसतो आणि ओळ किंचित वाकडी झाली तरी ती उठून दिसते. म्हणून रचना मधल्या पाच-सहा पट्ट्यांत बांधावी, मागची मुलगी पुढच्या दोघींच्या मधल्या फटीतून दिसेल अशी उभी करावी, आणि जागा बदलताना लांब धावण्याऐवजी दोन-चार पावलांत होणारे बदल निवडावेत. पट्ट्यांच्या जोडरेषा मुलींना खूण म्हणून वापरता येतात. त्यासाठी सरावाच्या जागी जमिनीवर सहा-सहा फुटांवर चिकटपट्टी लावून घ्यावी.

हातांच्या हालचालींविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण इथे आपल्या मुलींची एक विशिष्ट अडचण होते. ज्या मुली भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्या असतात, त्यांची तालाची जाण पक्की असते आणि रचना त्यांच्या लवकर लक्षात राहतात, पण मनगट लवचीक ठेवण्याची त्यांना सवय असते. चीअरलीडिंगमध्ये मूठ घट्ट, मनगट अग्रबाहूच्या सरळ रेषेत आणि हात शरीराच्या किंचित पुढे, म्हणजे नजरेच्या कडेला दिसेल असा लागतो. मनगट जरासे वळले तरी परीक्षकाच्या नजरेत ते चूक ठरते. भिंतीला पाठ लावून आणि आरशासमोर रोज दहा मिनिटे केवळ टी (दोन्ही हात बाजूंना आडवे), हाय व्ही (हात वर, व्ही आकारात), लो व्ही (हात खाली, उलट्या व्ही आकारात) आणि टचडाऊन (दोन्ही हात सरळ वर) या चार हालचाली ठोक्यावर थांबवून करणे हा यावरचा उपाय आहे. कंटाळवाणे आहे खरे, पण अडीच मिनिटांतल्या जवळपास प्रत्येक आवर्तनात या हालचाली येतात.

संगीताबाबत बेफिकिरी महागात पडते. अनेक गाण्यांचे तुकडे जोडून घरच्या संगणकावर केलेली ध्वनिफीत आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत स्वीकारली जात नाही. रीतसर परवाना असलेल्या पुरवठादाराकडून संगीत घ्यावे लागते आणि त्याचा लेखी पुरावा सोबत ठेवावा लागतो. अशा पुरवठादारांची यादी यूएसए चीअर प्रसिद्ध करते. पैसे कमी असतील तर खास बनवून घेतलेल्या संगीताऐवजी त्यांच्याकडचे तयार मिश्रण घ्यावे, आणि रुटीन त्याच्यावर बसवावे. फाइट साँग शाळेच्या बँडकडूनच ध्वनिमुद्रित करून घेता येते, त्यामुळे बँडच्या शिक्षकांशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवावे.

खर्च आणि वर्षाचा क्रम

प्रवेशशुल्क बऱ्याच स्पर्धांत प्रतिखेळाडू असते, त्यामुळे लहान संघाला ते जड जात नाही. बस, नृत्यरचनाकाराचे मानधन आणि संगीत हे खर्च मात्र मुली आठ असोत की वीस, तेवढेच राहतात. जवळच्या दुसऱ्या लहान शाळेबरोबर एक बस वाटून घेणे हा त्यावरचा सर्वांत सोपा मार्ग आहे. नवा गणवेश पहिल्या वर्षी घेऊ नये, सामन्यांचाच चालतो. प्रेक्षकांनाही प्रवेशासाठी तिकीट काढावे लागते, हे आजी-आजोबांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांनी हिशेबात धरावे. पालकांनी जमवलेला पैसा कोणाच्याही वैयक्तिक खात्यात न ठेवता शाळेच्या किंवा बूस्टर क्लबच्या (संघासाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाच्या) खात्यात ठेवावा.

निवड चाचणी बहुधा एप्रिल-मेमध्ये, शिबिर उन्हाळ्यात, फुटबॉलचे सामने ऑगस्टअखेरीपासून आणि स्पर्धा त्यानंतर, असा क्रम असतो. रुटीनची रचना सप्टेंबरअखेर पूर्ण व्हावी आणि पहिल्या स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून त्यात नवीन काहीही घालू नये. काढून टाकायला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत मुभा असावी.

स्पर्धेच्या दिवशी

नोंदणीच्या टेबलावर खेळाडूंची यादी, संमतिपत्रे आणि संगीताचा पुरावा मागतात. संगीत एका फोनमध्ये उतरवून तो एअरप्लेन मोडवर ठेवावा, दुसऱ्या फोनमध्ये दुसरी प्रत ठेवावी आणि हेडफोनच्या छिद्रासाठी लागणारा जोड विसरू नये. सादरीकरणापूर्वी कोलांट्यांची पट्टी, स्टंटचा मॅट आणि पूर्ण मॅट अशा ठिकाणी मिनिटांच्या हिशेबाने वेळ मिळतो आणि घंटा वाजली की पुढे सरकावे लागते. या मोजक्या मिनिटांत काय करायचे याचा क्रम आधीच ठरवून, घड्याळ लावून, सरावात गिरवलेला असावा. मोठ्या संघात प्रशिक्षक तिघे-चौघे असतात. तुमच्याकडे एकच असेल, तर घड्याळ धरायला आणि पाण्याच्या बाटल्या हलवायला एक पालक शाळेच्या परवानगीने आत न्यावा.

संगीत मध्येच बंद पडले किंवा कोणाला इजा झाली तर काय करायचे, हे मुलींना आदल्या दिवशी सांगून ठेवावे. यंत्राच्या दोषाने संगीत थांबल्यास पुन्हा सादर करण्याची संधी बहुधा मिळते, पण थांबण्याचा निर्णय प्रशिक्षकाने किंवा अधिकाऱ्याने करायचा असतो. एखादी मुलगी नुसती चुकली किंवा स्टंट खाली आला तर इतरांनी मोजणी न सोडता पुढे जायचे, आणि त्या गटाने पुढच्या ठरलेल्या आवर्तनाला रचनेत सामील व्हायचे. हे पुढचे आवर्तन कोणते, हे प्रत्येक स्टंटसाठी तक्त्यात लाल शाईने लिहिलेले असावे.

निकालानंतर प्रशिक्षकाच्या हाती गुणपत्रके येतात. वजावटीबाबत शंका असल्यास ठरावीक वेळेत, आणि तीही प्रशिक्षकानेच, आयोजकांकडे मांडायची असते. पालकांनी परीक्षकांच्या टेबलापाशी जाऊ नये, त्याचा भुर्दंड संघाला बसू शकतो. परतीच्या बसमध्ये गुणांची चर्चा करू नये. सोमवारी गुणपत्रके घेऊन बसावे आणि पहिल्यांदा फक्त वजावटींचा रकाना पाहावा: वेळ ओलांडली, मॅटबाहेर पाऊल पडले, स्टंट कोसळला, नियमबाह्य हालचाल झाली. हे गुण आठवडाभरात परत मिळवता येतात, कारण त्यासाठी नवे कौशल्य लागत नाही. त्यानंतर सफाईचे रकाने पाहावेत, आणि ज्या स्टंटवर दोन परीक्षकांनी एकच शेरा मारला आहे तो एक पायरी खाली आणावा. अवघडपणाच्या रकान्याकडे दोन स्पर्धांमध्ये निदान सहा आठवड्यांचे अंतर असेल तरच वळावे.

हंगाम संपला की मार्चमध्येच आठवीच्या मुलींसाठी एक खुला सराव ठेवावा. दहाची संख्या अकरावर गेली, तर प्रत्येक स्थानासाठी राखीव खेळाडू तयार करण्याचे काम पुढच्या वर्षी बरेच सोपे होते.